हम्मस ठरतं ते काबुली शिजताना

हम्मस, म्हणजे काबुली चण्यांचं मऊ वाटण, रवाळ झालं की दोष बहुतेक वेळा मिक्सरच्या माथी मारला जातो. पात्याला धार लावून आणली जाते, तेल वाढवलं जातं, तरी जिभेवर कण लागतातच. हे कण राहतात ते काबुली चणा पुरता शिजलेला नसतो म्हणून. आपल्या बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागात तो पुरता का शिजत नाही, याची कारणंही ठरलेली आहेत: बोअरचं जड पाणी, दुकानात वर्ष काढलेला माल, आणि शहरात तर थोडी उंचीसुद्धा. हे सांभाळलं की चटणीचा साधा मिक्सरही पुरतो. घरात इडली-डोशाचा ग्राइंडर असेल तर मग विचारायलाच नको.

‘हुम्मुस’ या अरबी शब्दाचा अर्थच हरभरा. पदार्थाचं पूर्ण नाव ‘हुम्मुस बि तहिना’, म्हणजे ताहिनी घातलेला हरभरा. ताहिनी हे तिळाचं वाटण, आणि तो शब्दही दळण्याच्या अरबी क्रियापदावरूनच आला आहे. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनकडचा हा रोजचा पदार्थ. काबुली, तीळ, लिंबू, लसूण, मीठ आणि पाणी, एवढ्यावर तो उभा राहतो. बेळगावच्या रविवार पेठेत एका फेरीत सगळं मिळतं. ताहिनीची बाटली मात्र मोठ्या दुकानांतच, तीही महाग. घरची ताहिनी करणं अवघड नाही, फक्त तीळ भाजताना गॅसपासून हलायचं नाही.

आधी चणे. छोल्यांसाठी आपण टपोरे, १० ते १२ मिलिमीटरचे दाणे निवडतो. हम्मसला ७-८ मिलिमीटरचे बारीक दाणे बरे. त्यांची साल पातळ असते आणि आतपर्यंत लवकर शिजतात, शिवाय स्वस्तही पडतात. हरभऱ्याची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे होळीनंतर येतो तो नवा माल. नवा दाणा फिकट, पिवळसर पांढरा आणि तुकतुकीत दिसतो. जुना तपकिरीकडे झुकतो आणि त्याच्या सुरकुत्या खोल होतात. उन्हाळ्याची उष्णता आणि नंतर पावसाळ्याची दमट हवा खाल्लेला दाणा आतून असा घट्ट होतो की दोनदा कुकर लावला तरी मधे गाठ राहते. श्रावणानंतर चणे घेताना आधी पावशेरच आणा. वीस दाणे रात्रभर भिजवून पाहा. सकाळी चार-पाच दाणे आहेत तेवढेच राहिले असतील, तर ते चणे उसळीला वापरा, हम्मसला नकोत.

आता पाणी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. पाणी तापवायच्या भांड्याला आतून जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. दाण्याच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन हे क्षार घट्ट बांधतात, आणि मग कितीही शिजवा, दाणा फुटतो पण विरघळत नाही. राकसकोप किंवा हिडकल जलाशयाचं नळाचं पाणी येत असेल तर तेच भिजवायलाही घ्या, शिजवायलाही. नळाला पाणी येतं त्या दिवशीच एक कळशी भरून बाजूला ठेवली की काम झालं. फक्त बोअरच असेल तर पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, रात्रभर स्थिर ठेवा आणि वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्या. त्यानं सगळा जडपणा जात नाही, पण भांड्याला थर देणारा भाग खाली बसतो. घरी आरओ असेल तर प्रश्नच मिटला.

इथून पुढची मापं पाव किलो कोरड्या चण्यांची आहेत. त्याचे शिजून साधारण ६०० ग्रॅम होतात आणि शेवटी नऊशे ग्रॅमच्या आसपास हम्मस मिळतं. पाच माणसांच्या घरात दोन दिवस पुरतं.

चणे निवडून, धुऊन एक लिटर पाण्यात भिजत घालायचे. त्यात अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा आणि एक चमचा मीठ. मिठानं डाळी-कडधान्यं निब्बर होतात ही समजूत आपल्याकडे पक्की आहे, पण भिजवण्याच्या पाण्यातलं मीठ उलटं काम करतं, त्यानं सालीतला कॅल्शियम सुटून साल मऊ पडते. दाणा खरोखर आवळतो तो आंबटानं. चिंच, टोमॅटो, लिंबू यांतलं काहीही शिजेपर्यंत जवळ येऊ द्यायचं नाही. थंडीत चौदा तास भिजले तरी चालतं. एप्रिल-मेमध्ये मात्र आठ तासांत पाण्याला बुडबुडे येतात, आंबूस वास लागतो. त्या दिवसांत भांडं फ्रीजमध्ये ठेवा. भिजलेला दाणा नखानं मधोमध तोडून पाहिला तर आतला रंग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा हवा. मध्यावर फिकट कोरडा ठिपका दिसला तर अजून दोन तास द्या.

भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, चणे दोनदा खळबळून धुवायचे. कुकरमध्ये चण्यांच्या वर तीन बोटं येईल इतकं ताजं पाणी आणि पुन्हा अर्धा चहाचा चमचा सोडा. सोड्यानं पाणी अल्कधर्मी होतं, पेक्टिन सैल पडतं, साल सुटते. इथे हात सैल सोडू नका. चमचाभर जास्त पडला की चणे साबणासारखे लागतात, रंग मळकट होतो, आणि बी-१ जीवनसत्त्वही अल्कधर्मी पाण्यात नष्ट होतं. आपण घालतो तेवढ्यानंही थोडं जातंच, तेवढी किंमत हम्मससाठी मोजावी लागते.

झाकण लगेच लावायचं नाही, हे विशेष जपा. सोड्यामुळे चण्यांना भरपूर फेस येतो, आणि तो शिट्टीच्या नळीत अडकला की कुकर धोक्याचा होतो. आधी उघड्यावर दहा मिनिटं उकळू द्या, वर येणारा राखाडी फेस झाऱ्यानं काढत राहा. फेस पांढरा आणि विरळ झाला की झाकण. कुकर अर्ध्याच्या वर भरलेला नको. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून बावीस ते पंचवीस मिनिटं. नव्या मालाला अठरा मिनिटंही पुरतात. नंतर वाफ आपोआप जिरू द्यायची. उघड्या पातेल्यात शिजवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: बेळगाव शहर साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी १०० नव्हे, साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. किनाऱ्यावरच्या माणसानं लिहिलेला तास-सव्वा तास इथे पावणेदोन तासांवर जाऊ शकतो. कुकरात दाब असल्यामुळे ही अडचण उरत नाही.

उसळीचा चणा बोटचेपा झाला की आपण थांबतो. हम्मसला त्याच्या पुढे जायचं आहे. दाणा अंगठा आणि करंगळी यांच्यात धरून दाबा. करंगळीत जोर कमी असतो, म्हणूनच ती. दाणा जागीच पसरला पाहिजे, चिमटीत पिठाचा कण जाणवता कामा नये. अर्धे दाणे आपोआप फुटलेले, पाणी दाटसर, साली वर तरंगताहेत, असं चित्र दिसलं की जमलं. पुरणाची डाळ शिजवणाऱ्या हाताला हा अंदाज लगेच येतो, कारण डाळ जरा कचवट राहिली की पोळी लाटताना पुरण कसं फाटतं, ते पाहिलेलं असतं.

पुरणाच्या कटासारखं हे पाणी जपून ठेवायचा मोह होतो. सोडा घातला असेल तर ठेवू नका, आमटीची चव बिघडते. चणे रोळीत काढून त्यांच्यावर एक तांब्या उकळतं पाणी ओता, म्हणजे उरलासुरला सोडा निघून जातो.

सालींसाठी दोन वाटा. एक, शिजलेले चणे मोठ्या पातेल्यात पाण्यात घेऊन हलक्या हातानं चोळा. साली वर येतात, त्या पाण्याबरोबर ओतून द्या, असं तीनदा केलं की बहुतेक निघतात. दुसरी वाट आपल्या घरातच टांगलेली आहे: पुरणयंत्र. सगळ्यात बारीक जाळी लावून गरम चणे त्यातून फिरवले की खाली मऊ लगदा पडतो आणि चोथा वर राहतो. माझी पसंती पुरणयंत्राला, कारण एखादा निब्बर राहिलेला दाणाही तिथेच अडकतो आणि पुढच्या वाटणात जात नाही. एकच करायचं, चणे गरम असतानाच फिरवायचे. गार झाल्यावर आतला स्टार्च आवळतो आणि हातही दुखतो, हम्मसही खरखरीत होतं.

चणे कुकरात असतानाच ताहिनी करून होते. संक्रांतीला तिळगुळासाठी आणतो ते पॉलिशचे पांढरे तीळ घ्या, २०० ग्रॅम. कन्नड दुकानात ‘बिळी एळ्ळू’ म्हटलं तरी मिळतील, पण सालीचे की पॉलिशचे हे विचारून घ्या. सालीच्या तिळांचा कडवटपणा वाटल्यावर दुप्पट जाणवतो, आणि रंगही करड्याकडे जातो. तिळाच्या चटणीत तो खपतो, नव्हे शोभतो. इथे नाही.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटं, सतत हलवत भाजा. तिळगुळासाठी भाजतो तसे खमंग गुलाबी करायचे नाहीत. तीळ तडतडायला लागले, हाताला हलके लागले आणि रंग नुसता मोडला, की लगेच ताटात पसरायचे. कढईत ठेवले तर गॅस बंद केल्यावरही ते भाजले जात राहतात. ताहिनी कडू झाल्याच्या दहांतल्या आठ वेळा चूक इथेच झालेली असते, आणि कडू झालेली ताहिनी साखर घालून, लिंबू घालून कशानंही सावरत नाही. ते तीळ शेंगांच्या चटणीत ढकला आणि नवे भाजा.

पूर्ण गार झाले की चटणीच्या भांड्यात. तिळात निम्मं वजन तेलाचंच असतं, त्यामुळे बाहेरचं तेल नाममात्र लागतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात कूट होतं. मग ते कडेला चिकटून बसतं आणि पातं नुसतंच फिरतं. इथे बरेच जण घाईनं पाणी घालतात आणि ताहिनी गमावतात. पाणी नको, दोन ते तीन मोठे चमचे करडईचं तेल घाला. घाण्यावरचं शेंगतेल चवीला कितीही चांगलं असलं तरी त्याचा वास तिळावर बसतो. करडईचं तेल गप्प राहतं. तीस सेकंद फिरवा, उलथन्यानं कडा खरवडा, भांड्याला हात लावून पाहा. गरम लागलं तर पाच मिनिटं थांबा, कारण तापलेली ताहिनी कडसर होते आणि मिक्सरची मोटारही वास मारते. सात-आठ फेऱ्यांनंतर गोळा सैल पडतो, चकाकतो, आणि चमच्यावरून मधासारखी धार लागते. धार तुटत असेल तर अजून दोन फेऱ्या. ही ताहिनी काचेच्या बरणीत महिनाभर फ्रीजमध्ये राहते. वर तेल आलं तर ढवळून घ्यायचं.

लसणाबाबत आपल्या भागात थोडं सावध राहावं लागतं. जवारी, म्हणजे गावठी, लसूण नाकात जाईल इतका तिखट असतो. तीन छोट्या पाकळ्या पुरेत. हायब्रिडच्या मोठ्या असतील तर दोन. लसूण चिरला की त्यातला एक विकर (एन्झाइम) कामाला लागतो आणि उग्रपणा तयार होतो. आम्लात हा विकर मंदावतो. म्हणून लसूण लिंबाच्या रसातच ठेचायचा. खलबत्त्यात पाकळ्या, सव्वा चमचा मीठ आणि तीन कागदी लिंबांचा रस, म्हणजे साधारण ४५ मिलिलिटर. ठेचून दहा मिनिटं ठेवा आणि चहाच्या गाळणीनं गाळून घ्या. चोथा टाकून द्या. रसाला लसणाची चव येते, पण दुसऱ्या दिवशी तोंडाला वास राहत नाही. परदेशी कृतींत लिंबाचं माप मोठं दिसतं, कारण तिकडचं लिंबू मोठं आणि सौम्य असतं. इंडीकडून येणारं आपलं कागदी लिंबू बरंच आंबट. आधी तीनच, चौथं चव घेऊन.

आता एका मोठ्या पातेल्यात १८० ते २०० ग्रॅम ताहिनी घ्या आणि त्यात हा रस ओतून ताकाच्या रवीनं घुसळा. जवळून पाहण्यासारखं इथे काही घडतं. वाहती ताहिनी रस पडताच आळते, घट्ट होते, ओल्या वाळूसारखी गोळे धरते. नवखा माणूस घाबरतो की बिघडलं. तिळातली प्रथिनं पाणी ओढून घेत असतात म्हणून असं होतं. पाणी अजून कमी आहे एवढाच त्याचा अर्थ. बर्फाचं पाणी एकेक मोठा चमचा घालत घुसळत राहा. तीन-चार चमच्यांनंतर गोळे मोडायला लागतात, रंग बदामीवरून पांढऱ्याकडे जातो, आणि पाचव्या-सहाव्या चमच्याला ते फेटलेल्या सायीसारखं गुळगुळीत होतं. तेल आणि पाणी एकजीव झालं की रंग असा उजळतो. हा रंग येईपर्यंत चण्यांत मिसळायचं नाही.

चणे वाटायचे ते कोमट असतानाच. मिक्सर असेल तर दोन भागांत, प्रत्येक भाग तीन मिनिटं, मधे थांबत. पातं सुटं फिरायला लागलं तर दोन चमचे बर्फाचं पाणी. मिक्सरमध्ये होतं ते गुळगुळीत, पण जरा चिकट, कारण वेगवान पात्यानं स्टार्च ताणला जातो.

दगडी ग्राइंडरमधलं हम्मस मात्र वेगळंच. दोन लिटरच्या टेबलटॉप ग्राइंडरला पाव किलोचे चणे बरोबर पुरतात. त्याहून कमी घातले तर दगडांना धरत नाहीत. दगड सावकाश फिरतात, माल तापत नाही, आणि उडदाचं पीठ जसं फुगतं तशी थोडी हवा आत शिरते. पंधरा ते वीस मिनिटं द्या, कडेला चढलेलं उलथन्यानं खाली ढकलत राहा, पाणी चमच्या-चमच्यानं. लसूण आणि ताहिनी ग्राइंडरमध्ये घालू नका. दगड वास धरून ठेवतो आणि पुढच्या आठवड्याच्या इडलीला लसूण लागतो. चणे तेवढे दगडावर, बाकी सगळं पातेल्यात रवीनं. तरी तेलकटपणा राहिलाच तर मूठभर भिजलेले तांदूळ गरम पाण्याबरोबर दोन मिनिटं फिरवून टाका, दगड स्वच्छ होतो. लाईट गेली तर काळजी नको, पीठ ग्राइंडरमध्ये अर्धा तास तसंच राहिलं तरी बिघडत नाही. परत चालू करण्याआधी तेवढं हातानं सैल करून घ्या, नाहीतर मोटारीवर ताण येतो.

वाटलेले चणे ताहिनीच्या पातेल्यात घालून घुसळा. अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची ताजी पूड. गरम मसाला, धणेपूड, साखर, दही यांपैकी काही नको. दह्यानं ते तात्पुरतं पांढरं दिसतं, पण दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं. या वेळी हम्मस डोशाच्या पिठाइतकं सैल वाटलं पाहिजे. आत्ताच घट्ट असेल तर गार झाल्यावर त्याचं पुरण होईल. अर्धा तास झाकून ठेवा, मग चव घ्या. मीठ आणि लिंबू दोन्ही या अर्ध्या तासात मुरून बदलतात, म्हणून आधी दुरुस्ती करू नये. फिकं वाटलं तर आधी मीठ वाढवा, लिंबू नंतर. चव बोथट असते तेव्हा बहुतेक वेळा मीठच कमी असतं. फार सैल झालं तर बेसन वगैरे घालू नका, दोन चमचे ताहिनी घालून तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

पसरट ताटलीत काढून चमच्याच्या पाठीनं गोल खळगा करायचा, त्यात तेल. ऑलिव्हचं असेल तर उत्तम, पण वरूनच. वेगवान पात्याखाली ते कडवट होतं. नसेल तर तिळाचं कच्चं तेल चालतं, तीळ आत आहेतच. वर तिकडे लाल पाप्रिका भुरभुरतात. आपल्याकडे ब्याडगी मिरचीची पूड आहे, रंग गडद आणि तिखटपणा कमी, तीच इथे नेमकी बसते. संकेश्वरी मिरचीचं तिखट घालू नका, तिळाची चव त्याखाली दबते. चार-पाच अख्खे शिजलेले चणे आणि थोडी कोथिंबीर.

पिटा ब्रेडसाठी अडून बसायचं कारण नाही. ज्वारीची पातळ कडक भाकरी मोडून तिच्या तुकड्यानं हम्मस उचलून पाहा. भाकरीचा कुरकुरीतपणा आणि किंचित भाजका वास तिळाशी जुळतो. सोबत जवारी काकडी, मुळा, कांद्याची पात.

काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट डब्यात, वर तेलाचा पातळ थर देऊन, फ्रीजमध्ये चार दिवस राहतं. वाढताना लागेल तेवढं कोरड्या चमच्यानं वेगळं काढून अर्धा तास बाहेर ठेवा आणि एक चमचा गार पाणी घालून फेटा. उष्टा किंवा ओला चमचा डब्यात गेला तर दुसऱ्याच दिवशी आंबतं. लसूण बेताचा असेल तर दुसऱ्या दिवशीचं हम्मस पहिल्या दिवसापेक्षा सरस लागतं, तेव्हा पाहुणे यायचे असतील तर आदल्या संध्याकाळीच करून ठेवा आणि तेल, ब्याडगी, कोथिंबीर ताट मांडताना घाला.